दाजीपुरात काही दिसलं नाही, मग बोर्निओला जाऊन काय दिसणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जानेवारीत तुम्ही दोघं आणि मित्राचं कुटुंब दाजीपूरला जाऊन आलात. जीपमधून ठक्याचा वाडा झाला, सावराई सडा झाला, पण एका गव्याची पाठ आणि अंगभर धूळ याखेरीज पदरात काही पडलं नाही. आता मे महिन्यात बोर्निओची, म्हणजे मलेशियातल्या साबाची तिकिटं काढलीत. सहा दिवस, त्यातले चार जंगलात. वहिनी म्हणतात, घरापासून ऐंशी किलोमीटरवर काही दिसलं नाही, तर एवढे पैसे घालून परमुलखात काय दिसणार?

शंका रास्त आहे आणि माझं उत्तर वहिनींना आधी आवडणार नाही. बोर्निओतही पहिल्या दिवशी काही दिसणार नाही. मी वीस-बावीस वर्षं माणसांना जंगलात नेतोय. बहुतेक राधानगरी-दाजीपूर, आंबा, आंबोली, आणि दोनदा साबा. पहिला दिवस सगळ्यांचा सारखाच जातो. माणूस गाडीतून उतरतो, चार पावलं आत जातो, मान वर करतो, घाम पुसतो आणि विचारतो, "प्राणी कुठायत?"

यात तुमची चूक नाही, सवय आहे. आपण कोल्हापूरच्या खासबागेत, कुस्तीच्या मैदानात वाढलेली माणसं. शाहू महाराजांनी ते मैदान असं बांधून घेतलं की कुठल्याही कोपऱ्यात बसा, मधला हौदा दिसतो. बघण्यासारखं जे असेल ते मध्यभागी असणार आणि उजेडात असणार, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. जंगलाला हौदा नसतो. तुम्ही जीपमधून समोर बघत होता तेव्हा डोक्यावर काय चाललं होतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

दाट सदाहरित रानात जमिनीपर्यंत उन्हाचा शंभरातला एखाद-दुसरा भाग पोचतो. ऊन नाही तिथं गवत नाही, आणि गवत नाही तिथं गवा कशाला थांबेल? कोवळी पानं, फुलं, फळं सगळी वर, छतावर. म्हणून शेकरू, वानरं, धनेश, हरियल हा सगळा कारभार वरच्या मजल्यावर चालतो. लग्नाची पंगत माडीवर बसलेली असावी आणि आपण तळघरात उभं राहून "जेवायला कोणीच कसं आलं नाही?" म्हणावं, तसं होतं. दाजीपुरात निदान छत बुटकं आहे. अंजनी, जांभूळ, हिरडा, पंधरा-वीस मीटर धरा. बोर्निओतल्या डॅनम खोऱ्यात 2019 साली मोजून जाहीर केलेलं एक झाड 100.8 मीटर भरलं. तीस मजली इमारत समजा. तिथल्या चाळीस-पन्नास मीटर उंच फांदीवरचा धनेश डोळ्यांनी बघायचा म्हटलं तर मानेचा काटा ढिला होतो.

आता तुम्हाला जो गवा दिसला, पाठ का होईना, तो सड्यावर दिसला असणार. बरोबर ना? सडा म्हणजे जांभा दगडाचं उघडं पठार. माती वीतभरही नाही, म्हणून मोठं झाड धरत नाही, गवत धरतं. पावसाळा संपता संपता तिथं सीतेची आसवं फुलतात तेव्हा तर बघायलाच नको. तर गवा राहतो रानात, पण जेवतो सड्यावर आणि रानाच्या कडेला, सकाळी लवकर आणि ऊन कलल्यावर. तुम्ही सांगितलंय की फाटकातून आत शिरायला साडेदहा वाजले. साडेदहाला गवा सावलीत बसून रवंथ करत असतो. तुमची जीप त्याच्यापासून तीस पावलांवरून गेली असेल. हजार किलोपर्यंत भरणारं जनावर, पण सावलीत उभं राहिलं की काळ्या खडकात आणि त्याच्यात फरक कळत नाही. पायातले पांढरे मोजे तेवढे दिसतात, तेही दिसले तर.

(दाजीपूर मुळात कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं राखीव रान. 1958 साली ते अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. 1985 मध्ये वाढवून 351 चौरस किलोमीटर केलं आणि 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. साबाला निघालेल्या माणसाला घरचं रान जागतिक वारसा आहे हे ठाऊक नसतं, म्हणून सांगून ठेवतो.)

माझा स्वतःचा पहिला दिवस तुमच्यापेक्षा वाईट होता. कॉलेजात होतो, सहा-सात पोरं, खिशात भडंग, तोंडात गाणी. दुपारपर्यंत पाच-सहा मैल तुडवले आणि एक खेकडा बघितला. आमच्याबरोबर वाटाड्या म्हणून एक धनगर मामा होते. ते दिवसभर एक शब्द बोलले नाहीत. चारच्या सुमाराला एका ओढ्याशी आले आणि म्हणाले, "आता तंबाकू मळेस्तोवर गप बसा." त्यांची तंबाखू पाऊण तास मळली जात होती. पहिली दहा मिनिटं नुसती शांतता. नंतर लक्षात आलं की ती शांतता आमच्यामुळंच होती. आम्ही येताना रान गप्प झालं होतं, आता ते परत बोलायला लागलं. आधी एक भृंगराज, तो दुसऱ्यांच्या नकला करतो, त्यामुळं एकाच फांदीवर चार पक्षी आहेत असं वाटत राहिलं. मग पाण्याच्या आवाजातून शीळ आली, अगदी शाळेतून उंडारत घरी निघालेल्या पोराची, सूर अर्धवट सोडून देणारी. तो शीळकरी कस्तूर. मग वरून सालपटं पडायला लागली आणि मान वर केली तर शेकरू. शेवटी मामांनी नाक वर करून वास घेतला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "भात शिजल्यागत येतोय का? उदमांजर हाय जवळ." मला खरंच आला तो वास. मांजर काही दिसलं नाही.

तो दिवस सांगायचं कारण, मी तेव्हापासून पहिल्यांदा येणाऱ्या कुणालाही आधी चालवत नाही, बसवतो. पाऊण तास, घड्याळ लावून. दहा मिनिटांनी लोक चुळबुळायला लागतात, वीस मिनिटांनी मोबाईल काढतात, आणि जे अर्ध्या तासापुढे टिकतात त्यांच्यासाठी रान उघडतं. कान आधी उघडतात, मग नाक, डोळे सगळ्यात शेवटी. तुम्ही दाजीपुरात इंजिनाच्या आवाजात, डिझेलच्या वासात, फक्त डोळे घेऊन फिरलात. तेच बोर्निओत केलंत तर वहिनी म्हणतात ते खरं ठरेल.

वासाचं निघालंच आहे तर एक गंमत. बोर्निओत बिंटुरोंग नावाचा उदमांजराच्याच कुळातला अस्वलासारखा केसाळ प्राणी आहे. त्याच्या मुताला ताज्या पॉपकॉर्नचा वास येतो, आणि त्यामागं जे रसायन सापडलं तेच सुगंधी तांदळाच्या वासामागंही असतं. म्हणजे आजरा घनसाळ शिजताना ज्यानं स्वयंपाकघर भरून जातं तोच वास परक्या देशात रात्री अकरा वाजता झाडाखाली आला तर दचकू नका, टॉर्च वर मारा.

आता साबाचं. तुमच्या चार दिवसांची वाटणी कशी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्यानं पहिले दोन दिवस नदीवर काढावेत. किनाबातांगान नदी, सुकाऊ गावाच्या बाजूला. कारण सड्याचंच आहे. नदी रान मधोमध कापते, काठावर ऊन पडतं, पानं खालपर्यंत येतात, आणि वरच्या मजल्यावरची पंगत तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर उतरते. लांब नाकाची प्रोबॉसिस माकडं तर संध्याकाळी झोपायलाच नदीकाठच्या झाडांवर येतात. पाचच्या सुमाराला होडी हळू सोडली तर कळपच्या कळप दिसतात. होडीवाल्याला इंजिन बंद करायला सांगा. तो आपण होऊन करेलच असं नाही, कारण बाकीच्या प्रवाशांना पुढं जायची घाई असते.

पण त्या नदीचं दुसरं अंगही बघून या. सांडाकान विमानतळावरून सुकाऊला जाताना गाडीच्या दोन्ही अंगांना तासन् तास हिरवंगार दिसेल. बरोबरचे लोक "केवढं जंगल!" म्हणून फोटो काढतील. ते जंगल नाही, तेलताडाची लागवड आहे. कोल्हापूरच्या माणसानं तरी यात फसू नये. आपण रोज ऊस बघतो. परगावचा पाहुणा कोल्हापूरहून राधानगरीला जाताना "किती निसर्गरम्य" म्हणतो तेव्हा आपल्याला माहीत असतं की हा कारखान्याचा माल आहे. तिथंही सरळ रेषा शोधा. झाडं ओळीत आणि एका उंचीची असली की ते शेत. रान ओळीत उभं राहत नाही. किनाबातांगानच्या काठी 2005 मध्ये 26,000 हेक्टरचं अभयारण्य केलं, पण ते सलग नाही, तेलताडाच्या मधून तुकड्यातुकड्यानं उरलेलं आहे. तुम्हाला नदीवर एवढे प्राणी दिसतात याचं एक कारण हेच की त्यांना मागं सरकायला जागा फारशी राहिलेली नाही. आपले गवे उसात उतरतात त्याचं कारणही यापासून फार लांबचं नाही. पहिल्या भेटीत हे कोणी सांगत नाही, ट्रिपवाले तर नाहीच. एका सहलवाल्यानं मला पहिल्या वेळी "ओरांगउटान शंभर टक्के" असं छापून दिलं होतं आणि नेऊन दाखवलं ते खाऊ घालायच्या फळ्यांवर, ठरल्या वेळी. सेपिलोकचं ते केंद्र अनाथ पिलांना रानात परतवण्याचं चांगलं काम करतं, जरूर बघा. पण त्याला जंगलात दिसलेला ओरांगउटान म्हणू नका.

जंगलातला बघायचा असेल तर झाड शोधा, जनावर नको. आणि झाड म्हणजे फळावर आलेलं उंबराच्या कुळातलं झाड. उंबर, वड, पिंपळ, पायर या कुळाची गोष्ट अशी की प्रत्येक जातीची स्वतःची एक बारकी गांधीलमाशी असते. त्या माशीला अंडी घालायला फळ लागतं आणि फळाला बी धरायला माशी लागते. माशी जगते फार थोडे दिवस. सगळी उंबरं एकाच महिन्यात पिकली तर बाकीचे अकरा महिने माशीनं जायचं कुठं? म्हणून एक झाड आज पिकतं, दुसरं पुढच्या महिन्यात, तिसरं त्याच्याही नंतर. रानात बाकी सगळं संपलेलं असतं तेव्हाही कुठंतरी एखादं उंबर लगडलेलं असतं आणि अर्ध्या रानाला त्याचा पत्ता ठाऊक असतो. दाजीपुरात अशा झाडावर धनेश, हरियल, तांबट, शेकरू, आणि खाली पडलेल्या फळांवर भेकर. बोर्निओत धनेशाच्या आठ जाती आहेत, त्यातल्या तीन मी एकाच झाडावर एका सकाळी बघितल्यात, आणि त्याच झाडावर ओरांगउटानची मादी पिलू पोटाला धरून. त्या सकाळी मी एकूण चाललो असेन तीनशे पावलं. तेव्हा मुक्कामाला पोचल्यावर वाटाड्याला पहिला प्रश्न हा विचारा: सध्या कुठलं झाड पिकलंय? "आज कुठले प्राणी दिसतील?" विचारणाऱ्याला तो ठरलेली यादी ऐकवतो. झाडाचं विचारणाऱ्याकडे तो जरा वळून बघतो.

अंगाचं काय होईल ते सांगतो, कारण पहिल्या दिवसाचा निम्मा वैताग तिथून येतो. कोल्हापूरच्या मेमध्ये घाम येतो आणि वाळतो, म्हणून गार वाटतं. तिथं हवेतच एवढं पाणी की घाम वाळत नाही, नुसता वाहतो आणि अंग तापतच राहतं. तासाला एक किलोमीटर एवढाच वेग धरा. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घोटघोट चालू ठेवा. जीन्स घरी ठेवा, भिजली की दगड होते आणि मांड्या सोलते. पळायला जाणारे घालतात तसले पटकन वाळणारे, पण लांब बाह्यांचे कपडे घ्या. कॅमेरा एसी खोलीत ठेवू नका. बाहेर काढल्याबरोबर काचेवर धुकं बसतं आणि वीस मिनिटं हलत नाही. माझा बिबळ्या मांजराचा एकमेव फोटो या धुक्यात गेलाय. बायको अजून त्याला ढगाचा फोटो म्हणते.

जळवांची भीती बहुतेकांना असते, वहिनींनाही असेल. दाजीपूर-आंब्याला पावसाळ्यात गेला असाल तर ओळख झालेलीच असेल. साबात दोन जाती भेटतात. तपकिरी जळू जमिनीवर असते, ती चावलेली कळत नाही. पट्ट्यांची वाघ-जळू पानावर उभी राहून वाट बघते आणि चावली की चुरचुरते, त्यामुळं निदान कळतं तरी. ओढून काढू नका. नख आडवं सरकवून तोंड सोडवा. आपल्याकडची तंबाखू-चुन्याची युक्ती चालते, पण मीठ किंवा चुना लागल्यावर जळू उलटी करते आणि ती जखमेत जाते, म्हणून मी नखच वापरतो. रक्त पातळ ठेवणारं द्रव्य ती सोडते, त्यामुळं बारीक जखमही तासन् तास वाहते. शर्ट लाल दिसतो, घाबरायचं कारण नाही. जळवांचे घट्ट विणीचे लांब मोजे मिळतात, तेवढे घ्या.

जळवांपेक्षा मला गोचिडीची धास्ती जास्त, आणि ती इथलीच. एका फेब्रुवारीत सड्याच्या कडेला गवतात ऐटीत आडवा झालो आणि मोहरीच्या दाण्याएवढ्या साठ-सत्तर गोचिडी अंगावर घेऊन घरी आलो. पंधरा दिवस खाजवत होतो. सुकलेल्या गवतात बसू नका, दगडावर बसा, आणि घरी आल्यावर अंघोळीआधी अंग नीट तपासा. त्यानंतर आठवडाभरात ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेलो होतो हे आठवणीनं सांगा. दोडामार्ग भागात माकडताप झालेला आहे, आणि सांगितलं नाही तर डॉक्टरांच्या ते मनात यायचं नाही. साबाला जाण्याआधीही एकदा डॉक्टरांना भेटा. तिथं माकडांकडून डासामार्फत माणसाला होणारा मलेरिया आहे. गोळ्या घ्यायच्या की नाही हे त्यांना ठरवू दे.

रात्रीची फेरी चुकवू नका, दिवसापेक्षा रात्र जास्त देते. संध्याकाळी सहाच्या सुमाराला आधी सिकाडा नावाचा एक किडा करवतीसारखा सुरू होतो. तिकडं त्याचं नावच सहा वाजताचा सिकाडा पडलंय, आणि पहिल्यांदा ऐकणारा यंत्र बिघडलं म्हणून इकडंतिकडं बघतो. अंधार पडल्यावर टॉर्च हातात न धरता कानशिलाजवळ, डोळ्यांच्या रेषेत धरा. जनावराच्या डोळ्यांतून परतणारा उजेड सरळ आला त्याच वाटेनं मागं जातो, म्हणून टॉर्च कमरेशी असेल तर तो तुमच्या डोळ्यांपर्यंत येतच नाही. असं धरलं की जमिनीवरच्या पाल्यात दवबिंदूंसारखे हिरवे ठिपके चमकतील. जवळ जाऊन बघा, कोळी आहेत. ज्या वाटेवरून दिवसा "इथं काहीच नाही" म्हणत गेलो त्याच वाटेवर शेकडो डोळे बघितले की माणूस पुढचे दोन दिवस जपून बोलतो.

आता मे यायला अजून वेळ आहे, तर तोवर काय करायचं? दाजीपूरला परत जा. या वेळी दोघंच. आदल्या दिवशी मुक्कामाला जा, सकाळी फाटक उघडताना तिथं उभे रहा, आणि गाइडला सांगा की आम्हाला अख्खी फेरी नको, एका जागी तासभर बसवा. मार्चमध्ये अंजनी फुललेली असेल. फांद्यांना चिकटून निळीजांभळी फुलं, अख्खं झाड शाईत बुडवून काढल्यासारखं. कोवळी पालवी बघा, कितीतरी झाडांची ती हिरवी नसून तांबडी असते. बोर्निओतही तांबडी पालवी अशीच लोंबताना दिसेल आणि तिथं ती तुम्हाला ओळखीची वाटेल. पायाखालीही बघत जा. गव्याचं शेण, सांबराची लोळण, अस्वलानं फोडलेलं वारूळ, यातलं एक जरी स्वतः ओळखलंत तर तिथल्या वाटाड्याशी बोलायला विषय मिळतो, भाषा येवो न येवो. एकटा नर गवा समोर आला तर फोटोसाठी पुढं सरकू नका, एवढं मात्र ऐका.

आणि दाजीपूरलाही जमत नसेल तर तुमच्या गल्लीच्या आसपास एखादं उंबर असेलच. लाल झालेलं शोधा. सकाळी साडेसहाला वहिनींना घेऊन त्याच्याखाली पाऊण तास बसा, मोबाईल घरी ठेवून. किती जाती येऊन गेल्या ते मोजा आणि मला कळवा. साबाचं नदीकाठचं बुकिंग अजून झालं नसेल तर तेही कळवा, म्हणजे दिवसांची वाटणी बसून ठरवू.